कोपऱ्यातला गुरुवार

आमच्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात माझ्या कॉम्प्युटरवर खाली उजव्या कोपऱ्यात तारखेच्या आधी वार दिसायचा. सोम, मंगळ, बुध, असा मराठीत. बाकी कुणाच्याच मशिनवर तो नव्हता. तो भाईंनी बसवला होता, आणि माझ्या खादाडपणामुळे बसवला होता.

भाई माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे. मी बिलं करायचो, ते माल पाठवायचे. माझ्या घरात अंडंही शिजत नाही, त्यामुळे त्यांच्या डब्यात खिमा असला की मला माझी भाजी घशाखाली उतरायची नाही. पण मी गुरुवार पाळतो. आईनं लावलेलं वळण आहे. एकदा बिलांच्या नादात मी त्यांच्या डब्यातला घास उचलून तोंडात टाकला आणि भाई ताडकन उठले. "थूको मालक, थूको! गुरुवार हाय ना आज! मेरेकू कायकू पाप में डालते?"

सोलापुरात कुणीही कुणालाही मालक म्हणतं. भाई म्हणायचे तेव्हा मात्र मला उगाच बरं वाटायचं. मी धावत जाऊन चूळ भरून आलो. गुरुवार माझा, पण घाम त्यांना फुटला होता. त्याच दुपारी त्यांनी माझा माऊस ओढून घेतला, सेटिंगमध्ये बराच वेळ खुडबुड केली आणि तारखेला वार जोडून दिला. "अब देखके खाना," म्हणाले.

पुढे त्याचा त्यांनाही उपयोग झाला. कोपऱ्यात शुक्र दिसला की मी म्हणायचो, "भाई, उठा आता, नमाजाला उशीर होतोय." मग ते "हौ, हौ" करत चलनांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवून निघायचे.

दिवाळीनंतर एका रविवारी भाईंच्या छातीत घरीच कळ आली, आणि दवाखाना गाठायच्या आत सगळं आटोपलं. कबरस्तानात सगळ्यांबरोबर मीही माती दिली. सोमवारी ऑफिसात आलो, मशीन सुरू केलं, तर कोपऱ्यात सोम. माणूस गेला आणि त्यानं लावलेला वार आपला रोज बदलत राहिला. मला त्याचा राग यायचा आणि आधारही वाटायचा.

उन्हाळ्यात माल पाठवायचं नवं सॉफ्टवेअर आलं. भाईंची चलनं तेव्हा मीच करत होतो. सगळ्यांची चलनं गेली, माझी तेवढी परत आली. समोर लाल अक्षरं: तारीख चुकीची. गेटवर गाडी भरून उभी होती आणि ड्रायव्हर खिडकीतून डोकावत होता. "साहेब, लई येळ झालाय, सोडा की आमाला!"

सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी पुण्याची, बोलायला गोड. माझा स्क्रीन तिला दिसत होता. "सर, तुमच्या तारखेत कुणीतरी वार घातलाय. त्यामुळे अडतंय."

"वार ठेवून नाही का व्हायचं?"

"नाही हो सर. काढावाच लागेल."

मी तिला थांबायला सांगितलं. वार तारखेच्या मागे टाकून पाहिला. मधला स्वल्पविराम काढला. मराठीचा इंग्रजी केला. दर वेळी तीच लाल अक्षरं. शेवटी तिनं सांगितलेल्या रीसेटच्या बटणावर बाण नेला आणि तसाच बसून राहिलो. मला ते बटण दाबायचं नव्हतं. "सर, आवाज येतोय ना?" तिनं विचारलं. "येतोय," म्हणालो आणि दाबलं. कोपऱ्यात नुसते आकडे राहिले. चलन गेलं, गाडीही गेली.

भाईंच्या खुर्चीवर आता नवा माणूस बसतो. मनानं चांगला आहे. पुढच्याच आठवड्यात त्यानं बाहेरच्या गाड्यावरून आम्लेट-पाव मागवला आणि अर्धा माझ्यापुढे केला. मी बिल करता करता सगळा संपवला. "झकास आहे ना?" त्यानं विचारलं. मी मान हलवली.

थोड्या वेळानं वॉचमन पुडी घेऊन आत आला. "परसाद घ्या की साहेब. गुरुवारचा हाय."

हातावर फुटाणे आणि साखर पडली. मी कोपऱ्याकडे पाहिलं. आकडे. मग शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तोंडात अजून आम्लेटची चव होती आणि मी वेड्यासारखी वाट बघत होतो, आता कुणीतरी ताडकन उठेल म्हणून. कुणी उठलं नाही. मला रडू फुटलं, सगळ्या ऑफिसासमोर.

मी गुरुवार पाळतो हे वॉचमननं नव्या माणसाला सांगितलं, तसा तो कावराबावरा झाला. "अहो, चुकून झालं. देव काही रागवायचा नाही."

देव रागवणार नाही, हे मलाही माहीत होतं. रागवायचे ते भाई.