सेवापुस्तकातली ताकीद

नातवंडांनो, तुमच्या आईनं कळवलं की शाळेत धाकटीचा गुडघा खरचटला, तर शाळेनं घरी तीन पानांचा फॉर्म पाठवला आणि तुम्ही सगळे त्यावर हसलात. मला हसू आलं नाही. का, ते लिहिते.

साठच्या दशकात मी तारापूरजवळच्या एका गावात लहानशा शाळेची मुख्याध्यापिका होते. शाळेच्या विहिरीचा कठडा एका बाजूनं ढासळला होता. तो बांधून द्यावा म्हणून संस्थेच्या चिटणिसांना मी तीन पत्रं लिहिली होती आणि तिन्हींच्या कार्बन प्रती फाइलला लावून ठेवल्या होत्या. तरीही शिक्षकांच्या माठाचं पाणी रोज एखादी मुलगीच आणायची. तशी पद्धतच होती, आणि ती मीही मोडली नव्हती.

एका दुपारी सातवीतल्या एका कोळ्याच्या मुलीच्या हाती मी कळशी दिली. ढासळलेल्या बाजूनं ती विहिरीत पडली. पोहता येत होतं म्हणून वाचली. शिपायानं दोर सोडून तिला वर घेतलं, तेव्हा तिचा उजवा हात लोंबत होता. मला बघून म्हणाली, “बाई, कळशी खालीच रायली.”

खडीच्या ट्रकमधून तिला पालघरच्या दवाखान्यात नेलं. हात प्लास्टरमध्ये गेला.

गंभीर अपघाताचा अहवाल त्याच दिवशी शिक्षण खात्याला पाठवायचा, असं नियमपुस्तकात होतं. ते इंग्रजीत असल्यामुळे शाळेत मी एकटीच वाचत असे. परत येऊन लिहायला बसले, तोच चिटणीस आले.

“लिहा, मुलगी न विचारता विहिरीवर खेळत होती. पटावरून तिचं नाव कमी करू. विषय संपला.”

“तिला मीच पाठवलं होतं.”

“ते कोणाला माहीत आहे?”

“तिला.”

“बाई, इंग्रजी शिकलात, व्यवहार तेवढा राहिला. नोकरी जाईल.”

नोकरीची भीती मला होतीच. पण सातवीपर्यंत आलेली ती तिच्या घरातली पहिली. नाव गेलं असतं तर ती मासळी सुकवायला कायमची घरी बसली असती. तिची आई व्हरांड्यात थांबली होती; आमचं बोलणं तिच्या कानावर गेलं होतं. तिनं एवढंच विचारलं, “बाई, पोरीचा दोस हाय का? नाय ना? मंग तिचा नाव काढू नका.”

मी अहवालात लिहिलं: पाणी आणायला मुलीला मी पाठवलं. कठडा ढासळला आहे हे मला माहीत होतं. दुसरं वाक्य लिहायला फार वेळ लागला. खाली तिन्ही पत्रांच्या प्रती जोडल्या.

खात्याचे अधिकारी येऊन गेले. संस्थेला कठडा बांधायचा लेखी आदेश मिळाला, आणि माझ्या सेवापुस्तकात एक ताकीद नोंदली गेली.

“मिळाली ना शिक्षा?” चिटणीस म्हणाले.

“मिळाली. मुलगीही पटावर आहे.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला मिळालेली ती एकच ताकीद. कुणी प्रशस्तिपत्रं दाखवू लागलं की मला तीच आठवते.

नवा कठडा बघायला चिटणीस आले. त्यांनी पाणी मागितलं आणि सवयीनं मुलींकडे पाहिलं. मी कळशी उचलली. खिडकीपाशी ती डाव्या हातानं शुद्धलेखन गिरवत होती. मान वर न करता म्हणाली, “बाई, जपून हां. कळशी नवी हाय.”