मोह पडायच्या दिवसातली डोंगी

गोंडपिपरीत आमचं शिलाईचं दुकान होतं. मागच्या खोलीत आपा, म्हणजे माझी मोठी बहीण, काजं-बटणं करत बसायची. ईदेनंतर तिचं लग्न होतं, सासर थेट सुरतेला. लग्नाआधी तिनं एकच गोष्ट मागितली, तीही मला एकट्याला गाठून.

"मले एकदा मोह पडताना पाहाचा हाये. डोंगीनं नदी पार करू, मंग सायकलीनं जंगलात. संध्याकाळी वापस."

दागिना नाही, कपडा नाही, फक्त मोहाची फुलं गळताना बघायचा एक दिवस. मी छाती ठोकून हो म्हटलं आणि तिथूनच डोक्याला ताप सुरू झाला.

अब्बांच्या कानावर घातलं तर त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. "लगन ठरलेली पोरगी दारूच्या झाडाखाली गेली म्हनतीन लोक." मी म्हटलं, अब्बा, फुलं आहेत ती, लोक भाजून खातात. शिवाय नदीपलीकडच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. यावर ते नुसते हसले. बंदी कागदावर आणि भट्ट्या रानात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मग म्हणाले, चाचीला सोबत न्या. चाचीला सायकल येत नाही. मग म्हणाले, बसनं जा. अहो, बस डोंगीत कशी चढवायची? भिंतीवर डोकं आपटायचंच बाकी राहिलं होतं. शेवटी आपानं जेवताना बोलणं टाकलं, तेव्हा कुठे दुपारच्या नमाजाआधी घरी यायच्या अटीवर त्यांनी मान हलवली.

डोंगीवाल्या भाऊंना मी आधीच त्यांच्या घरी जाऊन भेटून आलो होतो. उजाडताच येतो म्हटलं, तर ते म्हणाले, "या ना जी, नेतो." आमच्याकडे घरी आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. हे मला ठाऊक असायला हवं होतं, पण त्या वेळी त्यांचा होकार मला पक्का वाटला.

ठरल्या दिवशी भाड्याच्या सायकली दामटत आम्ही उजाडताच घाटावर पोहोचलो. डोंगी खुंट्याला बांधलेली आणि भाऊंचा पत्ता नाही. काठावरच्या वस्तीत सगळी दारं लोटलेली. हाका मारून माझा घसा बसला. आपा वाळूत बसून पलीकडचं रान बघत होती.

ऊन चांगलंच चढल्यावर भाऊ आणि त्यांची बायको आले. दोघांच्या डोक्यावर मोहाच्या भरल्या टोपल्या.

"कुठी होते भाऊ?" मी जवळजवळ ओरडलोच.

"काऊन जी, मोह पडून राह्यला ना! आता घरी कोन राह्यते? वर्साचं तेल-मीठ निंगते याच्यात."

मोह पहाटे गळतो, आणि गळतो तेव्हा अख्खी वस्ती आपापल्या झाडाखाली असते. मोह पडताना बघायला मी नेमका मोह वेचणाराच माणूस ठरवला होता. "चला, आता नेतो," ते म्हणाले. आता नेऊन दाखवणार काय? वेचून झालेल्या झाडाखालचा, फुलं दिसावीत म्हणून आधीच जाळलेला पाला? मला रडू येईल इतका राग आला होता.

आपानंच सायकल वळवली. "चाल वापस. उशीर झाला तर अब्बा तुले बोलतीन." वाटभर मी भाऊंना, अब्बांना, चाचीला शिव्या घालत होतो. पुढच्या महिन्यात ती लग्न होऊन सुरतेला गेली.

काही वर्षांनी मी सुरतेला गेलो. जेवताना दाजी हसत म्हणाले, तुझी बहीण माहेरचं दुसरं काही सांगतच नाही. तो डोंगीचा प्रवास, ते सायकलीनं फिरणं, मोहाखाली बसून तुम्ही खाल्लेला डबा, अंगावर पडणारी फुलं. मुलांना तर पाठ झालंय सगळं.

आपा चुलीकडे तोंड करून रोट्या शेकत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"हो," मी म्हटलं, "फार मजा आली होती."

माहेरचा सांगण्यासारखा एकच दिवस होता तिच्याजवळ, आणि तोही आम्ही तिला मिळू दिला नव्हता.