जिवंत माणसाला हार

काल नातसुनेनं सोनचाफा आणला आणि त्या वासासरशी मी थेट अलिबागच्या एका दिवाणखान्यात जाऊन पोचले. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. थळजवळच्या हायस्कुलात शिकवत होते आणि एम.ए.चं खूळ डोक्यात बसलं होतं. एका वकिलांनी दिवंगत थोरल्या भावाच्या नावानं शिक्षकांसाठी शिष्यवृत्ती ठेवली होती. ती हुकली असती तर माझं शिक्षण तिथेच थांबणार होतं.

मुलाखतीला वकिलांच्या घरी मी अतिशहाणी चाफ्याचा हार घेऊन गेले. भिंतीवर मिशीवाल्या दोघांचे फोटो होते. जो जास्त गंभीर दिसला, त्याला हार घातला आणि डोळे मिटून हात जोडले.

"मास्तरीणबाई," मागून आवाज आला, "मी अजून आहे हो! दादा तो, पलीकडचा."

दारात वकीलसाहेब स्वतः उभे होते. मला रडूच फुटलं. ते मात्र पोट धरून हसत सुटले.

"दादा गेल्यापासून असा हसलो नव्हतो," म्हणत त्यांनी माझ्या अर्जावर सही केली.

घरी मी ऐटीत सांगितलं, माझं इंग्रजी ऐकून साहेब थक्क झाले. नातवंडांना अजूनही तेच सांगते.