सातवीच्या मुलींना नववीचा प्रश्न

पुण्यात मी एका शाळेत गणित शिकवत होते. नवऱ्याची बदली गुरुग्रामला झाली आणि शाळा सुटली. इथे आल्यावर वर्षभर मी नुसती घर लावत होते. मग एका ओळखीच्या बाईंनी सुचवलं, म्हणून एका छोट्या कंपनीत मुलाखतीला गेले. काम होतं शाळेतल्या मुलांसाठी गणिताचे प्रश्न तयार करायचं. मला वाटलं, यात काय विशेष, जन्मभर तेच केलंय.

विशेष होतं ते असं, की ही परीक्षा मुलं कंप्यूटरवर देणार होती आणि प्रत्येक मुलाची प्रश्नपत्रिका वेगळी निघणार होती. सुरुवात एका मध्यम प्रश्नाने व्हायची. उत्तर बरोबर आलं की पुढचा थोडा कठीण, चुकलं की थोडा सोपा. असं वर-खाली करत करत कंप्यूटर मुलाच्या नेमक्या पातळीपाशी येऊन थांबायचा. त्यासाठी त्याच्याजवळ प्रश्नांचा भरपूर साठा हवा, आणि त्यातला कुठला प्रश्न किती कठीण हे आधी ठाऊक हवं. तो साठा भरणाऱ्यांपैकी मी एक.

घरी जेवताना मी हे कौतुकाने सांगितलं तर माझी मुलगी, तेव्हा सहावीत होती, म्हणाली, "आई, यार, म्हणजे शेजारच्याचं बघून लिहिताच येणार नाही?"

"बिल्कुल नाही," नवरा खूश होऊन म्हणाला. "मस्तच आहे की!"

पहिल्या महिन्यात मी बरेच प्रश्न लिहिले. प्रत्येकापुढे सोपा, मध्यम की कठीण हेही लिहायचं होतं. त्यातले दोन मला अजून पाठ आहेत. एक असा: लिफ्ट उणे दोन या मजल्यावर आहे, ती पाच मजले वर गेली तर कुठे पोचेल? आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये खालच्या पार्किंगची बटणं उणे एक, उणे दोन अशीच आहेत. मुलीला विचारलं तर तिने पोळीवरून नजर न उचलता "तीन" म्हणून सांगितलं. मी पुढे लिहिलं, सोपा. दुसरा असा: रात्री साडेदहाला सुरू झालेली साडेआठ तासांची ड्यूटी कधी संपेल? त्यात मध्यरात्र ओलांडायची, वर अर्ध्या तासांची भानगड. पुण्यात माझ्या वर्गातली निम्मी मुलं असल्या गणितात आपटायची. मी लिहिलं, कठीण.

आमच्या टीमचे प्रमुख एक बंगाली गृहस्थ होते, संख्याशास्त्रातले. त्यांनी माझे शेरे वाचले आणि हसून म्हणाले, "ये आपका अंदाज़ा है, मैडम. असली बात बच्चे बताएँगे." नवीन प्रश्न आधी खऱ्या परीक्षेत हळूच मिसळून पाहतात. त्याचे गुण धरत नाहीत, फक्त कुणाला येतो, कुणाला नाही, हे बघतात. तसे माझे प्रश्न मिसळले गेले आणि चाचणी बघायला मला पाठवलं मानेसरजवळच्या एका मुलींच्या शाळेत.

शाळा छोटी, पण कंप्यूटरची खोली नीट झाडून-पुसून ठेवलेली. बहुतेक मुलींचे वडील आजूबाजूच्या कारखान्यांत गाड्यांचे भाग बनवायच्या कामावर. सातवीचा वर्ग होता. त्यांच्या गणिताच्या मॅडम पन्नाशीच्या, उंच, आवाज असा की व्हरांड्यातली कबुतरंसुद्धा उडावीत. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, पण कंप्यूटरकडे मात्र सुनेकडे बघावं तसं बघत राहिल्या.

परीक्षा सुरू झाली. थोड्या वेळाने पहिल्या रांगेतल्या, घट्ट वेण्या घातलेल्या मुलीने हात वर केला. ती वर्गात पहिली येणारी, हे मॅडमनी मला आधीच अभिमानाने सांगून ठेवलं होतं.

"मैम, ये कंप्यूटर मुझसे चिढ़ा हुआ है."

"का गं? काय झालं?" घाईत माझ्या तोंडून मराठीच निघालं. मग सावरून हिंदीत विचारलं.

"मैं सही करती हूँ तो और मुश्किल देता है. इसको देखो, आसान-आसान दे रहा है!" तिने शेजारणीच्या पडद्याकडे बोट दाखवलं. शेजारीण गोल चेहऱ्याची, लाजाळू. ती जीभ दातांत धरून अपूर्णांकांची बेरीज करत होती आणि तिला या तक्रारीचा पत्ताही नव्हता.

मी म्हटलं, कर तू, घाबरू नकोस. तिने केलं, पण चेहरा उतरत गेला. मागे जाऊन चुकलेलं उत्तर बदलायची सोयही नव्हती, कारण पुढचा प्रश्न त्या उत्तरावरूनच ठरायचा. शेवटचा प्रश्न संपला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आधे तो ग़लत हो गए होंगे," ती म्हणाली. तिचा एरवी एकही गुण जात नसे.

मॅडम तडक माझ्याकडे आल्या. दोघींचे निकाल मी मागच्या कंप्यूटरवर उघडले होते. ते बघून त्या कडाडल्या. पहिली येणाऱ्या मुलीची साधारण निम्मी उत्तरं बरोबर, आणि शेजारणीचीही साधारण निम्मीच! "तुमचं हे यंत्र बिघडलेलं आहे," त्या हिंदीत म्हणाल्या. "या दोघी एकसारख्या? मी तीन वर्षं शिकवतेय यांना."

मी ऑफिसात शिकलेले सगळे भारी शब्द वापरून समजावायला लागले. काठिण्यपातळी, क्षमतेचा अंदाज, असं बरंच काही. मॅडम भुवया वर करून ऐकत राहिल्या. शेवटी माझं मलाच हसू आलं. मी खडू घेतला आणि फळ्यावर दोन खांब आणि मध्ये आडवी दांडी काढली.

"उंच उडीचं बघा," मी म्हटलं. "मुलीने उडी मारली की दांडी वर सरकवतात. ती पुन्हा मारते, पुन्हा वर. कितीही चांगली मुलगी असो, शेवटी कुठेतरी दांडी पाडणारच. मग आपण काय विचारतो? किती वेळा पाडली, की किती उंचीवर पाडली?"

मॅडम फळ्याकडून पडद्याकडे वळल्या. मी त्यांना दोघींचे प्रश्नच दाखवले. शेजारणीचे पाचवी-सहावीच्या मधले होते. वेण्यावालीचा शेवटचा प्रश्न मॅडमनी दोनदा वाचला.

"अरे, ये तो नौवीं का है!"

आणि मग त्या वळून साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लड़की नौवीं तक पहुँच गई!" वेण्यावालीने बाहीने डोळे पुसले. तिला आनंद झाला, पण रागही होताच. "तो पहले बताना था ना," ती मला म्हणाली. "मैं कितना डर गई."

ती बरोबर बोलत होती. आम्ही मोठ्यांनी परीक्षा कशी चालते याची माहिती शाळेला दिली होती, मॅडमना दिली होती, जिने परीक्षा द्यायची तिलाच दिली नव्हती. मी मान्य केलं.

मॅडम मात्र आता शेजारणीच्या निकालापाशी थांबल्या होत्या. "ही मुलगी पेपर कधी पूर्ण सोडवत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका हळू होऊ शकतो हे मला नवीन होतं. "पहिले दोन प्रश्न आले नाहीत की पेन खाली ठेवून बसते. आज शेवटपर्यंत बसली." मग त्यांनी तिला जवळ बोलावलं, अपूर्णांकांची कुठली पायरी अडते ते पडद्यावर बोट ठेवून विचारलं, आणि दोघी तिथेच उभ्या उभ्या बोलत राहिल्या.

माझ्या दोन प्रश्नांचंही त्या दिवशी व्हायचं ते झालंच. ड्यूटीचं गणित जवळजवळ सगळ्यांनी सोडवलं. एकीला विचारलं, कसं केलंस, तर ती म्हणाली, "इसमें करना क्या है, मैम? पापा की नाइट है. सात बजे छुट्टी होती है." आणि लिफ्टच्या प्रश्नावर चांगल्या चांगल्या मुली अडकल्या होत्या. एकीने मला विचारलं, "मैम, ज़मीन के नीचे मंज़िल कैसे होती है? वहाँ कौन रहता है?" गाड्या राहतात, असं मी सांगितल्यावर खोलीभर हशा पिकला. गाड्या बनवणाऱ्यांच्या मुली त्या, गाड्यांना राहायला घर असतं हे त्यांना फारच मजेशीर वाटलं.

इतर शाळांमधूनही निकाल आले. लिफ्टचा प्रश्न गणित कमी आणि घर जास्त तपासतो, असं दिसलं. तो साठ्यातून निघाला. त्याच्या जागी मी थंडीतल्या तापमानाचा लिहिला, कारण जानेवारीतला गारठा सगळ्यांच्याच घरी येतो. टीमप्रमुखांनी माझी चेष्टा केली नाही, उलट टीममध्ये नव्याने आलेल्यांना माझे जुने शेरे दाखवून सांगायचे, बघा, मॅडमही चुकल्या. हे चेष्टेपेक्षा बरं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही. परीक्षेच्या सुरुवातीला आम्ही मुलांसाठी एक पानही घातलं: काही प्रश्न तुला येणार नाहीत, ते मुद्दाम दिलेले आहेत, घाबरू नकोस.

काही महिन्यांनी मी पुन्हा त्या शाळेत गेले. या वेळी मुली आपसात विचारत होत्या, "तुझे कहाँ तक ले गया?" वेण्यावाली भांडायच्या तयारीनेच बसली होती आणि कठीण प्रश्न आला की "आ जा" असं पुटपुटत होती. शेजारीण अपूर्णांक ओलांडून पुढे दशांशांत पोचली होती.

मुली गेल्यावर मॅडम म्हणाल्या, मी जरा बसून बघू का? मी परीक्षा सुरू करून दिली. दोन-चार प्रश्न त्यांनी चुटकीसरशी सोडवले, माझ्याकडे बघून हसल्या. मग हसणं थांबलं. मग चष्मा पुसला. मग शेजारचा कोरा कागद ओढून त्यावर त्रिकोण काढला. पुढच्या तासाची घंटा झाली, ती त्यांनी ऐकलीच नाही. वर्गात मॅडम आल्या नाहीत म्हणून मुली शोधत आल्या आणि दारात थबकल्या. एकीने काही बोलायला तोंड उघडलं, तर वेण्यावालीने ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं. मग सगळ्याजणी पावलांचा आवाज न करता आत आल्या आणि मॅडमच्या खुर्चीमागे अर्धगोल करून उभ्या राहिल्या.

मॅडमनी उत्तर निवडलं. पुढचा प्रश्न आणखी कठीण आला.

"देखो, देखो," मागून एक आवाज आला, "मैम सही कर रही हैं!"