महाप्याचं दूध

लेथ मशीनवर लोखंड कापताना वरून जी पांढरी धार सोडतात, तिचं खरं नाव कूलंट. पण महाप्याच्या त्या कारखान्यात तिला कुणी कूलंट म्हणत नसे. सगळे दूध म्हणत. पाण्यात ते खास तेल मिसळलं की दिसायचंच तसं, म्हशीच्या दुधासारखं पांढरंशुभ्र. आणि हे दूध बनवायचं काम हौसेरावांचं. कारखान्यात पाय ठेवला की आधी मशीनला हात जोडायचे, मग बाह्या सारून पिंपात पाणी भरायचं, पाण्यात तेलाची बारीक धार धरायची आणि लाकडी दांड्याने ढवळत राहायचं. ओठांवर देवाचं नाव चालूच. मग लेथवर उभं राहायचं ते सुट्टीपर्यंत.

"दूध बंद पडलं की लोखंड तापतं, धूर निघतो, टूलची धार मरते," ते नव्या माणसाला सांगत. "ठसका लागलेल्या लेकराला पाणी पाजतो ना, तसं मशीनला हे पाजायचं."

साताऱ्याहून आले तेव्हा त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. शिकले, रमले, आणि कारखान्याचा शब्द नेरूळच्या घरीही घेऊन आले. "अहो, आज उशीर?" असं सुमित्राबाईंनी विचारलं की उत्तर यायचं, "दूध नासलं होतं." लेक ईश्वरी लहान असताना शाळेत सांगून आली, माझे पप्पा दूध बनवतात. तर बाईंनी रतीब लावायला माणूस धाडला! घरभर हसले तेव्हा. पण हसून शहाणं कोण झालंय?

ईश्वरी मोठी झाली. कॉलेजात भेटलेला रणजीत तिच्या मनात भरला. मुलगाही मूळ साताऱ्याकडचा, देवाच्या कृपेने पत्रिकाही जुळली. आता राहिला होता फक्त त्याच्या आजीचा होकार. आजी म्हणजे रंगूबाई. दोन म्हशींवर सुरुवात करून कळंबोलीत, ट्रकांच्या यार्डाजवळ त्यांनी डेअरी उभी केली होती. रंगूबाईंच्या दुधात पाणी सापडलं तर सूर्य पश्चिमेला खाडीतून उगवेल, असं तिथले ड्रायव्हर म्हणत.

रंगूबाई नातवाला घेऊन मुलगी बघायला आल्या. कांदेपोहे झाले, चहा आला. कपबशी हातात घेत त्यांनी विचारलं, "पाव्हणं, तुमी काय करता?"

"मी होय? महाप्याला दूध बनवतो," हौसेराव खुशीत म्हणाले.

"म्हशी किती हायती?"

"म्हशी कशाला लागतात? पाणी घ्यायचं, त्यात तेल ओतायचं, ढवळायचं. झालं दूध! तुमचं आणि माझं शेजारी ठेवा आज्जी, ओळखून दाखवा."

रणजीतने तोंड उघडलं. आजीने नुसता हात वर केला.

"आन् नासत न्हाई ते?"

"नासतं की. म्हणून थोडं औषध घालतो."

रंगूबाईंनी भरला कप खाली ठेवला. "ऊठ रं रणजीत." सुमित्राबाई कुंकवाचा करंडा घेऊन आल्या, तर "ऱ्हाऊ द्या," म्हणून त्या चपला घालून चालू लागल्या.

हौसेराव दारात उभे राहून कौतुकाने म्हणाले, "आज्जींना काम आवडलं बरं का. किती बारकाईनं विचारत होत्या!"

संध्याकाळी रणजीतचा फोन आला. ईश्वरी आधी हसत सुटली आणि हसता हसता रडायला लागली. "पप्पा, आजी म्हणतात, भेसळवाल्याच्या घरची पोरगी नको. रणजीतने किती समजावलं, अगं ते मशीनचं दूध. तर म्हणतात, मीबी तेच म्हनते, हातानं कोन बनवतंय आता!"

हौसेरावांना आता उमगलं. आयुष्यभर जो शब्द अभिमानाने मिरवला, त्यानेच लेकीचं जमलेलं मोडलं. त्यांनी स्वतः फोन लावला. "आज्जी, खंडेनवमीला कारखान्यात पूजा असते. प्रसादाला या. डोळ्यांनी बघा, मग खुशाल नाही म्हणा."

"येते," पलीकडून आवाज आला. "देवाच्या बोलावन्याला न्हाई म्हनत न्हाई मी."

खंडेनवमीला मशीनं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालून बसली होती. पाटावर टूलं, नटबोल्टचे पाने, हातोड्या हळदीकुंकू लावून मांडलेल्या. रंगूबाई पदर खोचून आत आल्या, देवाला नमस्कार केला आणि थेट विषयाला हात घातला. "मशीन चालवून दावा. त्याबिगर मला कळायचं न्हाई."

"चालव रे हौसेराव, मिनिटाचं काम," कारखान्याचे शेठही म्हणाले.

हौसेरावांचा हात बटणापर्यंत गेला. समोर ईश्वरी उभी. मशीनवरच्या माळेवर त्यांची नजर पडली आणि हात मागे आला.

"आज नाही, आज्जी. आज मशीनची पूजा झालीय. आज आम्ही हत्यार चालवत नाही. उद्या सकाळी या, पाहिजे तेवढं चालवून दाखवतो."

"लेकीचं लगीन अडलंय तरी?"

"तरी." हौसेरावांनी मशीनवरची माळ सरळ केली.

रंगूबाईंनी त्या माळेकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "बेंदराला आमच्यातबी बैलाच्या मानंवर जू ठिवत न्हाईत. रान कितीबी अडू दे." आणि स्वतःच वाकून त्यांनी मशीनखालच्या टाकीत बोट बुडवलं. चिमटीत चोळून बघितलं, वास घेतला. "हॅ! ह्ये कुठलं दूध? नुसतं तेलकट हाय!"

"तेच तर सांगतोय आज्जी!"

"मग दूध कशाला म्हंता रं बाबांनो!"

सगळा कारखाना हसला. रंगूबाईही हसल्या, पण दुधाच्या धंद्यात मुरलेल्या त्या, त्यांची नजर टाकीवरून हलेना. "वर ही साय कसली?"

"मशीनमधलं तेल उतरतं. सुट्टीत तशीच राहिली की खालचं कुजतं, सोमवारी घाण वास मारतो. काढावीच लागते."

"आन् मिसळताना आधी काय?"

"आधी पाणी, मग तेल. उलटं केलं की फाटलंच."

"विरजनाचंबी तसंच बगा. दुधात विरजन घालायचं, विरजनात दूध न्हाई." त्या स्टूल ओढून बसल्या. प्रसादाचा शिरा दोघांच्या हातात गार झाला, तरी फेस का येतो, पिंप कशाने घासता, हेच चाललेलं. शेवटी ईश्वरीनेच धीर केला. "आजी, आमचं काय?"

"तुमचं काय? उद्या दसरा हाय, मुहूर्त बगायला नगं. सुपारी फोडू."

दसऱ्याला सकाळी नारळ फोडून मशीन सुरू झालं. लोखंडाचा चकचकीत कीस वेटोळी घेत निघाला आणि त्यावर पांढरी धार पडू लागली. रंगूबाईंनी हात जोडले. "अभिषेकच की गं बाई!"

तिथून सगळे नेरूळला आले. सुपारी फुटली, सोनं वाटलं, सुमित्राबाईंनी चहा आणला. रंगूबाईंनी एक घोट घेतला आणि भुवया चढवल्या. "पाव्हणं, दुधात पानी हाय."

हौसेरावांचा चेहरा खर्रकन उतरला. "अहो आज्जी, चहा आहे तो!"

"व्हय का?" म्हणत त्यांनी कप रिकामा केला आणि पुढे धरला. "मग घाला की अजून वाईच."