शेंब्यांवरचा निळा

आमच्या जोडीतला एक बैल उन्हाळ्यात गेला. तेव्हापासून अण्णा, म्हणजे माझे वडील, पोळ्याचं नावही काढू देईनात. "एकट्याला मिरवायचं न्हाय," एवढंच म्हणायचे. उरलेला बैल वैरणीला धड तोंड लावत नव्हता. हा पोळा असाच गेला तर अण्णा त्याला बाजार दाखवतील, या धास्तीनं मला एका जागी बसवेना.

सास्तुरात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. पोरं मोटारसायकलचे सायलेन्सर आणतात, मी ते तापवून निळे-जांभळे करून देतो. रंग लावायचा नसतोच; स्टील तापलं की तो आपोआप चढतो. आधी पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. निळ्याच्या जरा अलीकडंच ज्योत काढायची, कारण रंग पुढं पळत राहतो. थांबणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून माझे बरेच तुकडे राखाडी होऊन भंगारात जातात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, मी बैलाच्या शिंगांच्या टोकांवर बसवायला स्टीलच्या दोन शेंब्या केल्या. घासून, थिनरनं पुसून मापाला गोठ्यात नेल्या. अण्णा बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळत होते. त्यांनी एक शेंबी उचलली, शिंगावर बसवून बघितली आणि परत दिली. मला वाटलं, जमलं! त्या आनंदात ती पुन्हा पुसायची राहिली. दुकानात येऊन ज्योत धरली, तर निळ्यात चार मळकट पिवळी बोटं उमटली. माझं डोकंच फिरलं.

पोळ्याच्या दिवशी गोठ्यातच पॉलिश पेपर घेऊन बसलो. अण्णा येऊन उभे राहिले.

"लई घासू नको."

"डाग पडलेत, अण्णा. तुमच्या लोण्याचे."

"बैलाला कुठं दिसतंय?" म्हणत त्यांनी शेंबी माझ्या हातातून काढून घेतली.

दोन्ही शेंब्या त्यांनीच बसवल्या. दुपारी मारुतीच्या देवळाकडं सगळ्यांच्या जोड्या निघाल्या. अण्णांनी कासरा माझ्या हातात दिला. आता हे माघारी फिरणार, असं मी धरूनच चाललो होतो. पण ते वळसा घालून पलीकडं गेले आणि बैलाच्या खांद्याला खांदा लावून चालू लागले.

शेजारच्या शेतकऱ्यानं विचारलं, "अण्णा, ह्याचा जोडीदार कुठाय?"

"म्या हाय की," अण्णा म्हणाले.

मला पुढचा रस्ता नीट दिसेना.