पत्र्याची भिंगरी

गल्लीत सगळे तिला शिलाईवाल्या ताई म्हणत. आईबापांमागे धाकट्या भावाला तिने शिवणयंत्रावरच वाढवलं. भाऊ पुढे कारखान्यात लेथवर लागला. केसभर चूकही त्याच्या नजरेतून सुटायची नाही. चार महिन्यांपूर्वी त्याचं उजवं अंग लुळं पडलं. पाय सावरला, पण हात त्याने चादरीखाली ढकलला तो ढकललाच. वापरला नाही तर उरलीसुरली हालचालही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. व्यायामाचा रबरी चेंडू त्याने भिंतीवर भिरकावला.

"मी काय तान्हं बाळ आहे?"

ताईने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ती डब्याच्या झाकणाची भिंगरी घेऊन आली. लहानपणी त्यांना विकतचं खेळणं कुठलं! झाकणाला दोन भोकं, त्यांतून ओवलेला दोरा, दोन टोकांना दोघं. ओढलं, सैल सोडलं, की झाकण गुंऽऽ करत फिरायचं.

तिने एक टोक भावाच्या डाव्या हातात दिलं, दुसरं ओढलं. झाकण हेलपाटलं, खडखडलं आणि त्याच्या पोटावर आपटलं.

"भोकं कोणी पाडली?"

"मीच. अंगठ्याने मोजून."

"ताई, झाकण आहे ते, झबलं नाही!"

तेव्हा तिच्या लक्षात आलं. दोरा वळणं तिचं काम होतं, भोकं कायम तोच पाडायचा. मध्य कसा काढतात, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

"दुसरं झाकण आण. कागद, खिळा, हातोडी."

झाकणाएवढा गोल कागद त्याने तिला दोनदा दुमडायला लावला. घड्या भेटल्या तो मध्य. त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर खुणा. डाव्या हातात हातोडी घेऊन तो सरसावला, पण मांडीवरच्या पाटावर झाकण सरकायला लागलं.

"धर ना नीट!"

"एका हातात खिळा, दुसऱ्यात पाट. तिसरा कुठून आणू?"

त्याने हातोडी खाली ठेवली. मग चादरीतून उजवा हात त्याने डाव्याने उचलला, परक्याची वस्तू उचलावी तसा, आणि झाकणाच्या कडेवर ठेवला. नखं वाढली होती. झाकण हललं नाही. तो दाब नुसत्या वजनाचा होता की बोटांचा, ताईला कळलं नाही. तिने विचारलंही नाही.

"मार," ती म्हणाली.

दोरा ओवून झाल्यावर तिने एक टोक त्याच उजव्या बोटांत अडकवलं. भिंगरी गुणगुणली, अगदी थोडी. मग दोरा बोटांतून निसटला.

"पुन्हा अडकव," भाऊ म्हणाला.